लॅक्स्टन : खुल्या शेतपद्धतीचे इंग्लंडमधील एक गाव

प्रस्तावना :
सामाईक व पट्टेवार शेतजमिनीचे कुंपणबंद खासगी शेतांत झालेले रूपांतर ही इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासातील निर्णायक घटना होय. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेच्या ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन गावात मात्र खुली शेते काही प्रमाणात टिकून राहिली. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
ट्रेंट नदीच्या पश्चिमेस वसलेल्या या गावाची जमीन जड व चिकण आहे. शेतकऱ्यांची घरे मुख्य रस्त्यालगत असून सभोवती वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड ही तीन मोठी शेते आहेत. परंपरेनुसार एकात गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक व तिसरे पडीक, असा दरवर्षी फेरपालट होतो. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात.

ऐतिहासिक विकास :
१०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदणीत या गावाचा उल्लेख आहे. मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये काढलेल्या नकाशात दोन हजारांहून अधिक पट्टे दिसतात. पुढे पट्टे एकत्र केले गेले व काही जमीन कुंपणबंदही झाली. तथापि मूळ व्यवस्था मोडली नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीस गावाचे पंच गव्हाच्या शेताची पाहणी करतात. वाट नांगरणाऱ्यास अथवा बांध कोरणाऱ्यास ‘कोर्ट लीट’ ही ग्रामसभा दंड करते. १९७७ च्या कायद्याने देशातील अशा बहुतेक सभांचे न्यायाधिकार संपुष्टात आले. लॅक्स्टनला त्यातून वगळण्यात आले. अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाने ही मालमत्ता विकत घेतली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्याच थोर्सबी इस्टेटकडे आली.

निष्कर्ष :
जड माती व तीन शेते इतर अनेक गावांतही होती, तरी ती गावे कुंपणबंद झाली. म्हणजेच भूगोलाने लॅक्स्टनच्या शेतीला आकार दिला. ती टिकवली मात्र गावाच्या सभेने व मालकांच्या निर्णयांनी. मालक बदलू शकतो, कायदाही बदलू शकतो. पंच म्हणून शेतात उतरणारे शेतकरी गावात उरले नाहीत, तर ही व्यवस्था केवळ नकाशातच शिल्लक राहील. म्हणून तिच्या जतनाचा प्रश्न हा मूलतः तेथे शेती करणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.