अस्तराची बंडी घरी शिवताना

इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत सदऱ्यावर घालायची अस्तराची बंडी घरच्या मशीनवर चांगली शिवता येते. बिघडते ती बहुधा एकाच कारणाने: बाजूच्या शिवणी आधी मारल्या जातात. मग मुंढे अस्तरासह उलटवता येत नाहीत. म्हणून आम्ही बाजू सर्वांत शेवटी जोडतो.

सुती अस्तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नंतर आटले तर वरचे कापड फुगते. छातीचे माप सदऱ्यावरूनच घ्यावे आणि त्यात ४ इंच सैलपणा धरावा. बाजूंना १ इंच माया, बाकी सगळीकडे अर्धा इंच. बाजूच्या मायेत कंजुषी नको.

कापडाचे आणि अस्तराचे खांदे वेगवेगळे जोडावेत. मग सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळा, पुढच्या कडा, मुंढे आणि खालची कड यांवर टीप मारावी. गोलाईवर मायेला कातरीने बारीक चिरा द्याव्यात, पण टिपेला धक्का लागू नये. पाठीच्या उघड्या बाजूतून हात घालून पुढचे दोन्ही भाग खांद्यांतून ओढून घ्यावेत. खांदा फार अरुंद असेल तरच इथे झटापट होते.

आता बंडी अंगावर घालून बाजूंना टाचण्या लावाव्यात. हात पुढे करून, खाली बसून पाहावे. ताठ उभे राहून घेतलेले फिटिंग फसवते. वरच्या कापडाला मशीनची टीप, अस्तर मात्र हाताने मिटवावे, म्हणजे उसवायला सोपे. पुढच्या हिवाळ्यात नातवंडाची छाती वाढली, तर चारही कडांची अर्धा-अर्धा इंच माया सोडली की बंडी २ इंचांनी सैल होते.