निर्णयाची घटका



मेंदूचे शास्त्र आणि रोजचा व्यवहार हा विषय माझ्यासारख्या मजूर संघटनेच्या कार्यकर्त्याकडे यावा, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री, दिवसाची कामे आटोपल्यावर. म्हणून हा विषय मी प्रयोगशाळेतून न आणता आपल्या पुसेगावच्या पारावरून आणणार आहे.

पोळा झाला की ऊसतोडीचे मुकादम आपल्या बाजूच्या वाड्यातांड्यांतून हिंडू लागतात. घरातले धान्य सरत आलेले असते, सोयाबीन अजून शेतात उभे असते. दवाखान्याचा आणि शाळेचा खर्च मात्र थांबत नाही. अशा वेळी नवराबायकोच्या एका कोयत्यामागे मुकादम रोख उचल पुढे ठेवतो. सही होते आणि येत्या हंगामाची मेहनत आधीच विकली जाते. मग शहाणी माणसे म्हणतात, "यांना अक्कल नाही, लग्नात उधळतात, मग असे होते." हा आरोप फार जुना आहे. त्याचा इतिहास थोडा उलगडून पाहू.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळण्यात आले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात बुडतो, हे मत तेव्हाही सर्रास ऐकू येई. आयोगाने हिशेब पाहिले आणि सांगितले की लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. कर्जाचे मूळ त्यात क्वचितच सापडते. पोट, बियाणे, बैल, सारा यांसाठी काढलेल्या लहान रकमा व्याजाने फुगत जात होत्या.

त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या होत्या. शेतकऱ्याचा रोखा गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा. शेतकऱ्याला पावती, सालाचा हिशेब आणि खातेपुस्तक मिळावे. आणि कोर्टाने कागदावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासावा. पळवाटा निघाल्या, गहाणाऐवजी खरेदीखते होऊ लागली. शिवाय आपला मुलूख तेव्हा निजामाकडे असल्यामुळे हा कायदा आपल्यापर्यंत पोचलाच नाही. तरीही त्यातला विचार मोलाचा आहे. त्या कायद्याने शेतकऱ्याला काटकसरीचा उपदेश केला नाही. सही कुठे, कोणासमोर आणि कोणता कागद हाती घेऊन व्हावी, एवढेच त्याने ठरविले.

शास्त्राला या वाटेवर यायला पुष्कळ वर्षे लागली. माणसाची माहिती अपुरी, वेळ थोडा आणि हिशेबाची शक्ती मर्यादित; म्हणून तो सर्वांत उत्तम नव्हे, तर भागेल असा मार्ग निवडतो, हे हर्बर्ट सायमन यांनी मांडले. त्यांना 1978 चे नोबेल पारितोषिक मिळाले. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये दाखविले की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गमावल्याचे दुःख मनाला अधिक बोचते. हे प्राध्यापकांना लागू आहे आणि मजुरांनाही.

आपल्या कामाचा प्रयोग मात्र 2013 साली प्रसिद्ध झाला, आणि तोही उसाच्याच मुलखातला. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीआधी, म्हणजे हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर अशी दोनदा चाचणी घेतली. तोच शेतकरी तंगीत कमी गुण मिळवी आणि पैसा आल्यावर जास्त. बुद्धी तीच होती; तिच्यावरचे ओझे बदलले होते. 2016 साली अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर केलेल्या अभ्यासात बुद्धीच्या चाचणीत असा फरक आढळला नाही. पण पगाराआधी पैशाच्या बाबतीत माणसे 'आत्ता हाती येईल' तिकडे अधिक झुकली, हे त्यातही दिसले.

मेंदूविषयीही सावधपणे बोलावे. अनेक गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणे, मोह आवरून थांबणे, ही कामे मुख्यतः कपाळामागच्या भागावर अवलंबून असतात, आणि त्याची शक्ती मर्यादित आहे. परंतु 'आज'चा मेंदू वेगळा आणि 'उद्या'चा वेगळा, असे 2004 साली काहींनी सुचविले, तर 2007 साली दुसऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. तेव्हा गरिबाचा मेंदू म्हणून कोणी एखादे चित्र दाखविले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कामगार चळवळीला हे शास्त्राच्या आधी अनुभवाने कळले होते. पगार लांबला की कामगार व्याजाने पैसे काढतो. म्हणून 1936 च्या कायद्याने पगारासाठी लहान कारखान्यांना महिना संपल्यावर 7 दिवसांची, तर मोठ्यांना 10 दिवसांची मुदत घातली. हातात आलेला पैसा राहत नाही. म्हणून 1952 च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याने तो हातात येण्याआधीच बाजूला काढला. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रभर उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, ही त्यातली हमी. गावातच काम मिळणार अशी खात्री असलेल्या माणसाला मुकादमाला 'नाही' म्हणता येते.

आता माझी चूक सांगतो. कितीतरी वर्षे मी भाद्रपदात सभा घेऊन उचलीविरुद्ध बोलत होतो. लोक माना डोलावीत आणि दुसऱ्या दिवशी उचल घेत. मला राग येई. एकदा एक बाई उठून म्हणाली, "दादा, तुमचं समदं खरं हाय. पर तुम्ही लई उशिरा येता. कणगीत आता उंदीरबी ऱ्हात न्हाई." त्या रात्री मला झोप आली नाही. जो आरोप शहाणी माणसे करीत होती, तोच मी संघटनेच्या व्यासपीठावरून करीत होतो.

पुढच्या वर्षापासून सभा चैत्रवैशाखात हलविली. टोळ्या परतलेल्या असतात, हिशेब ताजा असतो, चार पैसे गाठीला असतात. प्रत्येक जोडीने वही उघडायची: मागची उचल किती, तोड किती, फिटले किती, फिरले किती. पुढच्या साली गरज किती, हेही तेव्हाच दोघांनी मिळून लिहायचे. मुकादम आला की वही काढायची, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि साक्षीदारासमोरच सही करायची. सर्वांची उचल सुटली असे मी म्हणणार नाही. काहींनी ती कमी घेतली. काहींना वर्षाचा हिशेब प्रथमच स्वतःच्या अक्षरात दिसला.

सध्या वसंत आहे. टोळ्या घरी आल्या आहेत. पोळ्याला अजून अवकाश आहे. या मंडपाच्या दाराशी टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या शेजारी लिहिणाऱ्याने बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.