२९५-अ : एका पुस्तिकेने जन्माला घातलेले कलम

पुस्तकावरून वाद पेटला की पोलीस ठाण्यातल्या तक्रारीत २०२४पर्यंत बहुधा एक आकडा यायचा : २९५-अ. भारतीय दंड संहिता १८६०ची. हे कलम मात्र तिच्यात ६७ वर्षांनी शिरले, तेही एका पुस्तिकेपायी.

१९२४ साली लाहोरचे प्रकाशक राजपाल यांनी ‘रंगीला रसूल’ ही उर्दू पुस्तिका काढली. तीत पैगंबरांच्या खासगी आयुष्याची टवाळी होती. लेखकाचे नाव छापलेले नव्हते आणि राजपालांनी ते सांगितलेही नाही. खटला त्यांच्यावरच झाला, कलम १५३-अ खाली. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण १९२७च्या मे महिन्यात लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी त्यांना सोडले. १५३-अ दोन समाजांत वैर पेटवण्याविरुद्ध होते. दिवंगत धर्मसंस्थापकाची निंदा, ती कितीही हिणकस असली तरी, त्यात बसत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. पंजाब खवळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय विधिमंडळाने धर्माच्या अपमानाविरुद्ध २९५-अ हे नवे कलम मंजूर केले.

सभागृहात मोहम्मद अली जिना कलमाच्या बाजूने होते. तरीही इतिहासाचे अभ्यासक आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यात भरडले जाऊ नयेत, असे त्यांनी बजावले. म्हणून गुन्ह्याला अट घातली गेली : अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला हवा. राजपालांच्या जिवाला मात्र कायद्याने अभय मिळाले नाही. ६ एप्रिल १९२९ रोजी त्यांची हत्या झाली.

अभ्यासकांची काळजी वाहिली गेली. कथाकार त्या यादीत नव्हते. १९३३मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने याच कलमाच्या आधारे चार तरुण लेखकांचा ‘अंगारे’ हा उर्दू संग्रह जप्त केला. १९५७मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवले, तेही या हेतूच्याच अटीवर.

खरी मेख इथेच आहे. कायदा विचारतो, लिहिणाऱ्याच्या मनात काय होते? तक्रारदार सांगतो, माझ्या मनाला काय लागले. पहिल्याचा निकाल लागायला वर्षे जातात, दुसरे त्याच संध्याकाळी रस्त्यावर येते. प्रकाशकाला आधी दिसतो तो रस्ता.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या वेळी महाराष्ट्राने हे पाहिले. तिथे १५३-अ हे जुने भावंड कामाला आले. प्रकाशकांनी २००३मध्येच पुस्तक भारतातून मागे घेतले होते. जानेवारी २००४मध्ये, लेन यांना मदत केल्याच्या आरोपावरून, पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि नंतर राज्य सरकारने बंदी घातली. मुंबई हायकोर्टाने २००७मध्ये ती उठवली, सुप्रीम कोर्टाने २०१०मध्ये हायकोर्टाचा निकाल कायम केला. बंदी उठवणे कोर्टाच्या हाती असते. मागे घेतलेले पुस्तक पुन्हा विकायला ते प्रकाशकाला लावू शकत नाही.

२०१४मध्ये पेंग्विनने वेंडी डोनिगर यांचे ‘द हिंदूज’ मागे घेतले, तेव्हा तर बंदीही नव्हती. दिवाणी दाव्यात तडजोड झाली आणि प्रकाशकांनी बोट २९५-अ कडे दाखवले.

जुलै २०२४पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने नांदते आहे. हेतूची अट शाबूत आहे. पण ती तपासायची तर कुणीतरी खटला शेवटपर्यंत लढवायला हवा.