पियानो आणि मेंदू : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१८०९ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेस व्हिएन्ना नगरीत योझेफ हायडन हा थोर संगीतकार मृत्यू पावला. नगर त्या वेळी नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यात होते. पुढे थोड्याच दिवसांत रोझेनबाउम आणि पेटर नावाच्या दोघा गृहस्थांनी दफनभूमीच्या रखवालदारास लाच देऊन थडगे उकरविले आणि हायडनचे मस्तक नेले. हे दोघे चोरदरोडेखोर नव्हते. संगीताचे भक्तच होते म्हणाना! फ्रान्झ योझेफ गाल या वैद्याची शिकवण त्यांच्या मनात पक्की बसली होती. मनुष्याच्या प्रत्येक गुणाला मेंदूत स्वतंत्र स्थान असते, गुण मोठा असेल तर ते स्थान वाढते आणि वरची कवटी तेथे फुगीर होते, असे गाल सांगे. हायडनच्या कवटीवर संगीताचा उंचवटा आपणांस स्पष्ट सापडला, असे या दोघांनी जाहीरही केले. १८२० साली एस्टरहाझी घराण्याच्या प्रिन्सने शव हलविण्यासाठी थडगे उघडविले, तो मस्तकाच्या जागी नुसता केसांचा टोप निघाला. शिर आणि धड यांची भेट व्हावयास १९५४ साल उजाडावे लागले. एकूण १४५ वर्षे!

गालचे हे कवटीचे सामुद्रिक शास्त्राच्या कसोटीस उतरले नाही. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न खोटा नव्हता. वादकाचा मेंदू इतरांहून निराळा असतो काय? आणि असल्यास तो तसा जन्मतःच असतो, की वाजवून वाजवून तसा होतो? यांपैकी दुसरा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मुलाच्या अंगी उपजत कला नाही म्हणून त्याला वाद्याजवळ बसू न देणारे आईबाप आमच्या समाजात आजही थोडे नाहीत, आणि ते नकळत गालचेच शिष्य आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँकफुर्ट येथील झिगमुंड आउअरबाख यांनी कवटी सोडून प्रत्यक्ष मेंदू तपासावयास घेतले. विख्यात पियानोवादक हान्स फॉन ब्यूलो याचा मेंदू त्यांत होता. कानशिलाच्या बाजूची वरची वळी अशा मेंदूंत विशेष भरलेली दिसते, असे त्यांनी नोंदविले. तथापि मृताच्या मेंदूस तू जन्मतः असाच होतास काय, असे कोण विचारणार?

याच सुमारास स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल हे सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशींची चित्रे रेखाटीत होते. १९०४ साली पुरा झालेल्या आपल्या महाग्रंथात त्यांनी उदाहरण घेतले ते पियानोवादकाचेच. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येणारे हे कौशल्य जुन्याच वाटा रुळल्याने येत नाही. पेशींना नव्या शाखा फुटून नव्या वाटा पडत असल्या पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. गंमत अशी की, याच काहालांनी पुढे मेंदूच्या इजांविषयी लिहिताना प्रौढ मेंदूतील वाटा कायमच्या ठरलेल्या असतात असे म्हटले, आणि शास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांचे हे दुसरे विधान उचलून धरले. पहिले बराच काळ तसेच पडून राहिले.

त्याला प्रयोगाचा आधार मिळाला तो १९९५ साली. अमेरिकेत अल्वारो पास्क्वाल-लिओने आणि त्यांचे सहकारी यांनी पियानो कधीही न वाजविलेल्या माणसांना एका हाताच्या पाच बोटांचा सोपा पाठ दिला. रोज दोन तास, पाच दिवस, मेट्रोनोमच्या मिनिटाला ६० ठोक्यांवर. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन, बोटांच्या स्नायूंवर हुकमत चालविणारा मेंदूचा प्रदेश केवढा आहे, हे रोज मोजण्यात आले. तो प्रदेश दिवसागणिक विस्तारत गेला. ज्यांना तितकाच वेळ मनास येईल तसे वाजवू दिले, त्यांच्यात असा विस्तार झाला नाही. बोटे दोघांचीही हलत होती. फरक होता तो लक्षपूर्वक गिरविण्याचा.

आणखी एका गटाने वाद्यापुढे बसून बोट न हालविता तोच पाठ केवळ मनात वाजविला. ज्यांच्या घरी मानसपूजेचा परिपाठ आहे त्या वाचकांस ही गोष्ट सांगावयास आम्हांस विशेष आनंद वाटतो. या गटाच्या मेंदूतही जवळजवळ तसाच बदल दिसला! हात मात्र मागे होता: पाच दिवसांच्या मानस-अभ्यासाने आलेली सफाई ही प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकीच होती. पण पुढे दोनच तास खरोखर वाजविताच ते त्यांच्या बरोबरीस आले.

त्याच वर्षी जर्मनीत गॉटफ्रीड श्लाउग यांनी ३० वादक व ३० इतर लोक यांच्या मेंदूच्या प्रतिमा ताडून पाहिल्या. दोन्ही गोलार्धांना जोडणारा जो तंतूंचा पूल असतो, त्याचा पुढचा भाग सातव्या वर्षापूर्वी वाद्य हाती घेतलेल्यांत मोठा आढळला. दोन हातांनी दोन निराळी कामे एका लयीत करावयाची, म्हणजे या पुलावर वर्दळ वाढणारच. येथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्या देवळांतील भजनाची पेटीही पट्ट्यांचेच वाद्य खरे, परंतु तिचा एक हात भात्यात गुंतलेला असतो. पियानोवरचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावू नयेत. पायपेटीची गोष्ट निराळी.

तरीही जन्मतः की अभ्यासाने, हा प्रश्न उरलाच होता. २००९ साली क्रिस्टा हाइड, श्लाउग आदींनी सहा वर्षांच्या आसपासची मुले घेतली. पंधरा मुलांना पंधरा महिने आठवड्यातून अर्धा तास पियानोची शिकवणी दिली. सोळांना दिली नाही. आरंभी दोन्ही गटांच्या मेंदूंत भेद नव्हता. अखेरीस हाताची हालचाल, श्रवण यांची स्थाने आणि तो पूल यांत भेद पडला होता. बोटांची चपळाई व स्वरतालाची जाण वाढली. बुद्धीच्या इतर कसोट्यांवर मात्र शिकणाऱ्यांची सरशी दिसली नाही.

हे शेवटचे वाक्य जाहिरातदार गाळतात. १९९३ साली ३६ विद्यार्थ्यांना मोत्सार्टची रचना ऐकविली असता एका कसोटीत दहा-पंधरा मिनिटे टिकणारी सुधारणा दिसली. तेवढ्या भांडवलावर १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकास संगीताची तबकडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. ऐकणे आणि शिकणे यांत काही अंतर आहे!

बदलणारा मेंदू बिघडूही शकतो. लिओन फ्लायशर या नामांकित अमेरिकन वादकाच्या उजव्या हाताची करंगळी व अनामिका १९६४ च्या सुमारास, ऐन उमेदीत, आपोआप आत वळू लागली. हातात दोष नव्हता. अशा वादकांच्या मेंदूत शेजारच्या बोटांची स्थाने एकमेकांत सरकलेली असतात, हे १९९८ साली दाखविण्यात आले. फ्लायशर यांनी तीसेक वर्षे डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचनांवर काढली. यांतील बऱ्याच रचना पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाइनने लिहवून घेतल्या होत्या. पुढे स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या सुयांनी बोटे उलगडली, आणि २००४ साली त्यांची ‘टू हँड्स’ या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. सुया मात्र त्यांस पुढेही घ्याव्या लागत.