न लिहिलेली उधारी: पिंपळगाव बसवंत परिसरातील सावड, हातउसने आणि कडू घास

नाशिकपासून सुमारे 30 किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील गाव आज कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. परंतु बाजार समिती आणि द्राक्षबागा येण्याच्या कितीतरी आधीपासून येथील शेतकरी कुटुंबे आणखी एका व्यवहारावर तगून होती, ज्याची दप्तरी नोंद होत नसे. घरावर संकट कोसळले असता शेजारी, सोयरे आणि भाऊबंद यांनी केलेली मदत, आणि त्या मदतीची जाण ठेवण्याची रीत, हा तो व्यवहार होय.

महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणे येथेही या मदतीचे प्रकार परतफेडीच्या रीतीवरून वेगळे ओळखता येतात. दोन किंवा अधिक शेतकऱ्यांनी बैल, अवजारे आणि श्रम एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची शेते करणे म्हणजे सावड. तीत दिवसाला दिवस असा चोख हिशेब असतो. इर्जिकीत मात्र अनेकांचे नांगर एकाच दिवशी एका शेतात उतरतात आणि मोबदला म्हणून शेतमालक सर्वांना जेवू घालतो. ऐन पेरणीच्या तोंडावर बैल दगावलेल्या किंवा कर्ता पुरुष गमावलेल्या घराला ती मोठा आधार ठरे. तिसरा प्रकार हातउसन्याचा, म्हणजे व्याज, तारण आणि लेखी कागद यांवाचून, केवळ शब्दावर दिलेल्या रकमेचा.

हातउसन्याचे मोल सावकारी कर्जाशेजारी ठेवले असता अधिक स्पष्ट होते. सावकाराचे कर्ज खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, लिहिले जाई. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले तेव्हा त्यांचा मुख्य रोख ही खते हस्तगत करून जाळण्यावर होता, आणि त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. जेथे लिहिलेला शब्दच शेतकऱ्याच्या जमिनीवर उठत होता, तेथे न लिहिता दिलेले पैसे ही केवळ आर्थिक सोय नव्हती. घेणाऱ्याच्या पतीवर देणाऱ्याने टाकलेला तो विश्वास होता.

या सर्वांहून निराळा प्रकार मृत्यूच्या प्रसंगीचा आहे. मृत्यू झालेल्या घरात चूल पेटवली जात नाही. अंत्यविधीनंतर शेजारची किंवा सोयऱ्यांची माणसे पिठले-भाकरी आणून घरच्यांना आग्रहाने दोन घास खायला लावतात. या जेवणाला मराठी मुलखात अनेक ठिकाणी कडू घास म्हणतात. एरवी शेजारधर्मात कोणाचे भांडे रिकामे परत करू नये, त्यात निदान चिमूटभर साखर किंवा मूठभर धान्य घालावे, असा संकेत असतो. परंतु सुतकाच्या, म्हणजे मृत्यूमुळे पाळावयाच्या अशौचाच्या, दिवसांत त्या घरचे अन्न बाहेरचे लोक घेत नसल्यामुळे भाकरीची टोपली रिकामीच परत जाते. लग्नातला आहेर वहीत नावनिशीवार लिहिला जातो आणि पुढे त्या घरच्या लग्नात तेवढाच किंवा थोडा अधिक परत केला जातो. कडू घासाची मात्र वही नसते, कारण त्याची फेड करायची तर देणाऱ्याच्या घरी मृत्यू घडावा लागतो, आणि अशी फेड कोणी बोलूनही दाखवत नाही. सावडीचा हिशेब हंगामात मिटतो, हातउसने सुगीला फिटते, पण हे ऋण न फिटणे हीच देणाऱ्याविषयीची सदिच्छा असते.

म्हणूनच अशा प्रसंगी 'आभारी आहे' हे शब्द सहसा उच्चारले जात नाहीत. 'आभार' या शब्दात भार आहे, तर 'कृतज्ञ' या शब्दाचा अर्थ केलेले जाणणारा एवढाच आहे. ग्रामीण बोलीतला 'जाण ठेवणे' हा प्रयोग त्याच अर्थाचा. बांधावरून अबोला धरलेले भाऊबंदही अशा वेळी दारात येतात, आणि पुढे वाद पुन्हा उपटला तरी 'त्या दिवशी आला होता' ही गोष्ट विसरली जात नाही.

या चांगुलपणाला कुंपणही होते. कोणी कोणाच्या हातची भाकरी खावी हे रोटीव्यवहाराचे, म्हणजे सहभोजनाविषयीचे, जातिनियम ठरवीत, आणि त्यामुळे दुःखातली टोपलीही बहुधा जातीची वेस ओलांडत नसे. याच नाशिक जिल्ह्यात 1930 साली अस्पृश्य मानलेल्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि 1935 साली येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. शेजारधर्माचा इतिहास लिहिताना ज्यांना त्या शेजारातून वगळले होते त्यांची ही बाजू गाळता येत नाही.

पतपेढ्या, विमा आणि रोजंदारी यांमुळे सावड आणि इर्जीक मागे पडल्या असल्या तरी द्राक्षबागेने जुन्या गरजेला नवे रूप दिले आहे. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, पाऊस किंवा दव पडले की डाऊनी हा बुरशीजन्य रोग कोवळ्या घडांवर झपाट्याने पसरतो, आणि फवारणी सुतकाचे दहा दिवस थांबू शकत नाही. अशा वेळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ब्लोअर घेऊन न सांगता बागेत शिरतो. औषधाचे आणि डिझेलचे पैसे दशक्रियेनंतर चुकते करता येतात, कारण त्यांची पावती असते. पहाटे उठून दुसऱ्याची बाग राखल्याची पावती मात्र कडू घासाप्रमाणेच कोणाकडे नसते.