डमी शाफ्टची कुळकथा

गिअरबॉक्स उतरवणं सोपं, चढवणं अवघड. घरी हे काम केलेल्या कुणालाही विचारा, तो त्या बोटभर फटीबद्दल सांगेल. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवलेली असते, आपण खाली पाठीवर, गिअरबॉक्स जॅकवर. तोंडाला तोंड लागलेलं असतं, क्लच शाफ्ट प्लेटमध्ये शिरल्यासारखा वाटतो, आणि तरीही इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बोटभर फट उरते. ढकला, हलवा, दम खाऊन पुन्हा ढकला, फट तेवढीच.

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बाबतीत मी एकदा जे केलं ते करू नये. घाटात क्लच घसरायला लागला म्हणून नवी प्लेट आणली होती. परसात गाडी उचलून, मागचा शाफ्ट सोडवून, गिअरबॉक्स उतरवला होता. प्लेट बसवली, प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले आणि गिअरबॉक्स वर घेतला. फट राहिली. मग चार लांब बोल्ट घालून आळीपाळीने आवळत फट मिटवायला लागलो. अर्धी मिटली, आणि कट्टकन आवाज आला. बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या त्या घंटेच्या आकाराच्या कवचाचा, एक कान तुटला होता.

संध्याकाळी गल्लीतले फिटरकाका आले. खाली वाकून बॅटरी मारली आणि एवढंच म्हणाले, "प्लेट सेंटरला कुठाय? डमी लावला होतास का?" मला डमी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी पिशवीतून हातभर लांबीचा एक लोखंडी दांडा काढला. कुठल्याशा मोडक्या गिअरबॉक्समधला तो क्लच शाफ्ट होता. मागचे दाते कापून टाकलेले, मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. पुढचं नाक आणि त्यामागच्या लांब खाचा वापरून वापरून आरशासारख्या चकचकीत झालेल्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट त्यांनी थोडे सैल केले, दांडा प्लेटच्या मधल्या खाचांतून घातला, त्याचं नाक फ्लायव्हीलच्या मधोमध असलेल्या छोट्या बुशमध्ये टेकवलं आणि बोल्ट समोरासमोरचे असे थोडेथोडे आवळत आणले. दांडा बाहेर ओढला तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. कवच वेल्डिंगहून परत आल्यावर गिअरबॉक्स हातानेच जागेवर बसला. बोल्ट फक्त धरून ठेवायला लागले, ओढायला नाही.

त्या दांड्याच्या मागे मी बरेच दिवस लागलो. असं अवजार लागावंच का? इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचे, एकाच कारखान्यातले. मग त्यांची ओळख करून द्यायला तिसरा दांडा कशाला? याचं उत्तर शोधत मागे जावं तर थेट पहिल्या मोटारीपर्यंत जावं लागतं.

कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला एकच वेग होता. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची बायको बर्था दोन्ही मोठ्या मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी निघाली. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर. सपाटीवर गाडी पळाली, चढ आला की उतरून ढकलावी लागली. चढासाठी आणखी एक वेग हवा, हे नवऱ्याला सांगणारी तीच. गिअरची गरज ज्या व्यक्तीच्या खांद्यांना पहिल्यांदा जाणवली ती हीच बाई, असं मी मानतो. पुढच्याच वर्षी, १८८९मध्ये, डाइमलर आणि मायबाख या जर्मन जोडीने पॅरिसच्या प्रदर्शनात चार वेगांची गाडी मांडली.

डाइमलरच्या इंजिनाचे फ्रान्समधले हक्क एदुआर सारझां या वकिलाकडे होते. त्याच्या मृत्यूनंतर ते त्याची विधवा लुईझ हिने सांभाळले, आणि १८९०मध्ये तिने एमिल लव्हासोर या अभियंत्याशी लग्न केलं. या लव्हासोरने १८९१मध्ये गाडीची जी मांडणी केली ती पुढची कित्येक दशकं जगभर टिकली: इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअर, आणि जोर मागच्या चाकांना. त्याचे गिअर म्हणजे चौकोनी दांड्यावर मागेपुढे सरकणारी दातेरी चाकं. सुरुवातीच्या गाड्यांत ती उघडीच असत, रस्त्याची धूळ खात. पेटी नंतर आली. म्हणजे गिअर आधीचा, बॉक्स मागाहूनचा.

इथपर्यंत गिअर आणि इंजिन एका चौकटीवर राहणारे, पण वेगवेगळ्या खोल्यांतले भाडेकरू होते. मध्ये क्लच असे, आणि तो सपाट तबकडीचा नसून शंकूचा. फ्लायव्हीलच्या पोटात शंकूच्या आकाराची खोलगट जागा, आणि तिच्यात जाऊन बसणारा, चामडं लावलेला दुसरा शंकू. चामडं कोरडं पडलं की क्लच झटका देऊन धरे, म्हणून त्याला एरंडेल पाजत. फार तेलकट होऊन घसरायला लागला की वर मुलतानी मातीसारखी तेल शोषणारी माती टाकत. हे सगळं कटकटीचं होतं, पण शंकूचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. भोवऱ्याचं टोक खळग्यात ठेवलं तर ते आपोआप मध्यावर जातं. शंकूचंही तसंच. तो आपला मध्य आपणच शोधतो. त्या काळच्या फिटरला डमी लागत नव्हता.

आता या कथेतला माझा सगळ्यात आवडता माणूस. लुई रेनो १८९८मध्ये एकवीस वर्षांचा होता. पॅरिसजवळच्या बियांकूरला घराच्या बागेतल्या छपरीत तो द दिओं-बूतों कंपनीच्या तीनचाकीचं इंजिन घेऊन स्वतःची गाडी जुळवत बसला होता. लव्हासोरच्या रचनेत जोर कायम एका दांड्यावरून शेजारच्या समांतर दांड्यावर दात्यांमधूनच जाई, मग गाडी कितीही वेगात असो. रेनोने वरच्या वेगाला दाते मधून काढूनच टाकले. क्लचकडून येणारा दांडा आणि चाकांकडे जाणारा दांडा त्याने एकाच रेषेत ठेवले आणि वरच्या वेगाला ते एकमेकांत अडकवले. खालच्या वेगांपुरता तिसरा दांडा शेजारी. २४ डिसेंबर १८९८च्या रात्री ती गाडी पॅरिसमधल्या मोंमार्त्रचा, रू लपिक या रस्त्याचा खडा चढ चढली, आणि बारा जणांनी तिथल्या तिथे मागणी नोंदवली. पेटंट १८९९चं आहे.

फिटरकाकांच्या पिशवीतला तो क्लच शाफ्ट म्हणजे रेनोच्या त्या पहिल्या दांड्याचा सरळ वंशज. घराच्या मागे, एका छपरीत, हाताने केलेल्या कामातून तो निपजला. आपल्या परसात गाडीखाली आडवं होणाऱ्याला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

डमीचा जन्म मात्र आणखी दोन बदलांनंतरचा. पहिला बदल म्हणजे शंकू गेला आणि सपाट प्लेट आली. चामड्याच्या जागी न जळणारं लायनिंग हवं होतं. डर्बीशरमधल्या हर्बर्ट फ्रूडने ते काम केलं. गाडीवान ब्रेकला जुन्या बुटांचं चामडं लावतात हे पाहून त्याने १८९७मध्ये ब्रेकचं अस्तर बनवायला घेतलं, आणि त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवून आणि एक जास्तीचं अक्षर घालून झालेला फेरोडो हा शब्द आजही लायनिंगच्या खोक्यांवर दिसतो. पुढे त्यात अॅस्बेस्टॉस आलं. (जुन्या गाडीचा क्लच उघडलात तर आतली पूड हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ती पूड फुप्फुसाला घातक आहे.) असं अस्तर लावलेली एकच कोरडी तबकडी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये दाबून धरायची, ही रचना १९२०च्या दशकात सर्वत्र रुळली. हलकी, गुळगुळीत धरणारी, टिकाऊ. पण तबकडीला खळगा नाही. दोन पाटांच्या मध्ये ठेवलेल्या भाकरीसारखी ती जिथे ठेवाल तिथे राहते. तिचा मध्य तिला कळत नाही, तो दाखवावा लागतो.

दुसरा बदल इंजिन आणि गिअरबॉक्स एकजीव होण्याचा. वेगवेगळे असताना त्यांच्या मध्ये लवचिक जोड असे, थोडं वाकडंतिकडं चालून जाई. पण चौकट खड्ड्यात पिळवटली की दोघांची रेषा बिघडे. फोर्डच्या १९०८च्या मॉडेल टीमध्ये इंजिन आणि गिअर एकाच कवचात आले, आणि हळूहळू सगळ्यांनीच गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टने जखडला. रेषा कायमची सरळ झाली. त्याबरोबर चूक पोटात घालणारी मधली जागाही गेली. ब्लॉकवरच्या दोन बारीक खुंट्या, ज्यांना डॉवेल म्हणतात, गिअरबॉक्सची जागा केसभरही हलू देत नाहीत. आत प्लेट दोन मिलिमीटर खाली उतरलेली असली तर शाफ्टचं नाक बुशच्या कडेवर आपटतं. ती बोटभर फट हीच.

मध्य न कळणारी प्लेट आणि चूक न पोटात घालणारा जोड, या दोघांच्या मधून डमी जन्माला आला. त्याचा कुणी एक संशोधक मानायची गरज नाही. हाताशी मोडका गिअरबॉक्स असलेल्या प्रत्येक फिटरला ते अवजार आयतंच मिळत होतं. ज्यांना नाही मिळालं त्यांनी सुताराकडून लाकडाचा करून घेतला, किंवा झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून जाडी जुळवली. तेही चालतं, मी पाहिलं आहे.

आता पुन्हा पद्मिनीकडे. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे तीच पद्मिनी या नावाने बनली. मूळची ११०० फियाटचा अभियंता दान्ते जाकोसा याच्या हाताखालची. लव्हासोरची मांडणी, रेनोची सरळ रेषा, कोरडी प्लेट, सगळी वंशावळ तिच्यात उतरलेली. याच जाकोसाने १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत इंजिन आडवं ठेवून गिअरबॉक्स त्याच्या टोकाला लावला आणि जोर पुढच्या चाकांना दिला. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच वळणाच्या. त्यांच्यात गिअरबॉक्स उतरवायला आधी दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो, आणि काहींत शाफ्टच्या नाकाला बुशही नसतं. तरी प्लेट मध्यावर आणावीच लागते.

म्हणून घरी हे काम काढलंत तर चार गोष्टी. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या लावा. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते तिच्यावर छापलेलं असतं, ते वाचा. बोल्टची डोकी कापून दोन लांब दांड्या करा आणि ब्लॉकमध्ये फिरवून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्सचं वजन त्यांच्यावर राहील, क्लच शाफ्टवर लोंबणार नाही. नाक शिरलं आणि खाचा जुळत नसल्या तर गिअर टाकून मागचं टोक हाताने किंचित फिरवा, खाचा सापडतील. एवढं करूनही फट राहिली तर ती प्लेट सांगते आहे की मी मध्यावर नाही. पुन्हा उतरवा.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये गेल्या. पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी गावोगावी अजून चालत्या आहेत, आणि त्यांना क्लच प्लेटी लागणारच आहेत. तुमच्या ओळखीत एखादी जुनी पद्मिनी भंगारात निघाली, तर वजनावर देण्याआधी तिचा क्लच शाफ्ट मागून घ्या. दाते कापा, मुठीला रबर गुंडाळा, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला देऊन टाका.