मेढेकोटाच्या उंचीचं बर्फ

१९ मे १६७६, पहाट

डिअरफिल्डवरच्या हल्ल्याचा घटनाक्रम सहसा १७०४ पासून लावतात. तो अठ्ठावीस वर्षं मागे न्यावा लागतो. कनेटिकट नदीच्या धबधब्यापाशी मासेमारीला जमलेल्या मूळ रहिवाशांच्या तळावर त्या पहाटे कॅप्टन विल्यम टर्नरची सुमारे दीडशे माणसं तुटून पडली. तळ झोपेत होता आणि पहारा नव्हता. मेलेल्यांत बायका, मुलं, म्हातारेच जास्त. धबधब्याला पुढे टर्नरचंच नाव पडलं. वाचलेले उत्तरेकडे पांगले, काही अबेनाकींच्या वस्त्यांत राहिले. तिथून काही मैलांवर, पोकमटक लोकांच्या जमिनीवर उभं राहिलेलं इंग्रजांचं गाव म्हणजे डिअरफिल्ड. तेही त्याच काळातल्या लढायांत एकदा उठलं होतं आणि पुन्हा वसलं होतं.

ऑक्टोबर १७०३

युरोपात स्पेनच्या गादीवरून युद्ध पेटलं, म्हणून अमेरिकेत फ्रेंच आणि इंग्रज वसाहती एकमेकींवर उठल्या. मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य टोकाला डिअरफिल्डच्या पलीकडे इंग्रजांचं गाव उरलेलं नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीलाच कुरणात गेलेले दोन तरुण पकडून कॅनडाला नेले गेले. गावचे पाद्री जॉन विल्यम्स यांनी गव्हर्नर डडली यांना पत्र धाडलं: कोटाची डागडुजी करायची आहे, करात सूट द्या. न्यूयॉर्ककडून हल्ल्याच्या खबरा येतच होत्या. लोक मेढेकोटाच्या आत दाटीवाटीने राहू लागले. पण खबर आली आणि हल्ला आला नाही, असं दोनचार वेळा झालं की माणूस पुन्हा पाय पसरून झोपतो.

फेब्रुवारी १७०४

मॉन्ट्रियलकडून एक फौज दक्षिणेला निघाली. म्होरक्या जाँ-बाप्तिस्त एर्तेल द रुव्हिल. फ्रेंच पन्नासच्या आतबाहेर, बाकी दोनशेवर अबेनाकी, पेनाकुक, ह्युरॉन आणि काहनवाके वस्तीतले मोहॉक. यांना सरसकट ‘फ्रेंचांचे साथीदार’ म्हणणं हा आळस आहे. अबेनाकींना गेलेल्या जमिनीचा हिशेब चुकता करायचा होता. मोहॉकांना घरातल्या मेलेल्या माणसांच्या जागी दत्तक घ्यायला कैदी हवे होते. आणि क्वेबेकच्या गव्हर्नरला अदलाबदलीसाठी एखादा वजनदार ओलीस हवा होता, कारण बाप्तिस्त नावाचा फ्रेंचांचा एक धाडसी समुद्री लुटारू बोस्टनच्या तुरुंगात होता. पाद्री विल्यम्सच्या घराला इतकं महत्त्व आलं ते त्यामुळे.

तीनशे मैल, पायांत बर्फावर चालायचे रुंद जोडे. गावात याच महिन्यात बाहेरून वीस शिपायांची शिबंदी आली होती.

२८ फेब्रुवारी, रात्र

नदीपलीकडे दोनेक मैलांवर फौज थांबली. शेकोटी पेटवायची नाही, असा हुकूम. घसरगाड्या आणि जड सामान आधीच मागे ठेवलेलं.

२९ फेब्रुवारी, पहाटे चारच्या सुमारास

उजाडायला दोन तास. वाऱ्याने लोटलेलं बर्फ मेढेकोटाच्या बाहेरून इतकं चढलं होतं की वर जायला शिडी लागलीच नाही. पहिली माणसं चालत वर गेली आणि आत उतरली. गावाने जिवाच्या भरवशावर उभारलेला कोट थंडीने फुकटात पाडून दिला. ते बर्फ वेळेवर उपसून टाकायला दोन दिवसांची मजुरी पुरली असती, असं माझं मत. पहारेकऱ्याने इमान राखलं नाही, असं विल्यम्सने पुढे लिहिलं.

दार फुटलं तेव्हा विल्यम्स अंथरुणात होता. त्याने समोरच्या माणसाच्या छातीला लावलेलं पिस्तूल उडलंच नाही. उडालं असतं तर पाद्री तिथेच मेला असता. त्याला सदऱ्यावरच बांधून ठेवलं. त्याचा सहा वर्षांचा मुलगा जॉन, सहा आठवड्यांची मुलगी जेरुशा आणि घरातली गुलाम बाई पार्थेना यांना ठार केलं.

जॉन शेल्डनच्या घराचं दार मात्र दाद देईना. दोन थरांच्या जाड फळ्या आणि त्यांत दाटीने ठोकलेले खिळे. कुऱ्हाडींनी फार तर एक भोक पाडता आलं. त्यातून बंदुकीची नळी सरकवून केलेल्या गोळीबारात घरधनीण हॅना मेली, असं सांगतात. ते दार आजही गावच्या संग्रहालयात आहे, भोकासकट.

सूर्योदय

बेनोनी स्टेबिन्सच्या घराच्या भिंतींत विटा भरलेल्या होत्या. आत सात पुरुष, काही बायका, मुलं. बायका गोळ्या ओतत होत्या, पुरुष झाडत होते. स्टेबिन्स मेला, घर शेवटपर्यंत पडलं नाही. सूर्य तासभर वर आला तोवर बहुतेक फौज कैद्यांना घेऊन निघाली होती.

सकाळी आठ-नऊ

जळत्या घरांचा उजेड दक्षिणेच्या हॅडली-हॅटफिल्डपर्यंत दिसला. तिथून चाळीसच्या आत घोडेस्वार आले आणि उरल्यासुरल्यांना त्यांनी गावाबाहेर पिटाळलं. इथे थांबायला हवं होतं. अंगावरचे कोट फेकत ते कुरणात पाठलागाला धावले आणि दबा धरलेल्यांच्या तोंडी गेले. नऊ जण तिथे पडले. हा मूर्खपणा शौर्याच्या खात्यात मांडला जातो, ते मला पटत नाही.

दुपारी मोजदाद झाली. पन्नासच्या आसपास मेले, ११२ जण पकडून नेले. तीनशेहून कमी वस्तीच्या गावात.

पहिली रात्र आणि १ मार्च

मुक्कामावर विल्यम्सकडचा गुलाम फ्रँक याला मारलं. दुसऱ्या दिवशी नदी ओलांडताना पाद्र्याची बायको युनिस पाण्यात पडली. नुकतीच बाळंत झालेली, पुढे चालवेना. तिलाही मारलं. पुढच्या वाटेवर असे आणखी बरेच गेले. जे मागे पडतील त्यांची गत तीच. लहान मुलांना मात्र पाठीवर घेऊन, घसरगाडीवर बसवून नेलं. दत्तक घ्यायचं मूल जपावंच लागतं.

त्यानंतर

जॉन शेल्डनने कैदी सोडवायला कॅनडाच्या तीन वाऱ्या केल्या. १७०६ मध्ये बाप्तिस्त सुटला, विल्यम्सही सुटला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपल्या कैदेची हकीकत छापली. सात वर्षांची असताना नेलेली त्याची मुलगी युनिस काहनवाकेत राहिली. तिने मोहॉक नवरा केला. बाप भेटून आला, विनवण्या झाल्या, निरोप गेले. १७४० मध्ये ती नवऱ्यासह भाऊ स्टीफनकडे पाहुणी आली, नंतरही आली. राहा म्हटलं, तर दर वेळी परत गेली. १७८५ मध्ये ती काहनवाकेतच वारली.